चैत्रांतील पाखरें आणि कुंपणावरील कोयता

फाल्गुन सरत आला, आंब्यावर कैऱ्या लटकूं लागल्या, कीं बोरिवलीच्या खाडीपलीकडील गोराई-मनोरीच्या वाड्यांतून भल्या पहांटे दयाळाची शीळ ऐकूं येते. हिंवाळ्यांत हाच पक्षी मुकाट्यानें कुंपणाच्या बुडाशीं किडे वेंचीत असतो. आतां तो झाडाच्या शेंड्यावर बसून एकसारखा गातो. हें गाणें केवळ हौसेचें नव्हे. ही हद्द आपली, असें तो दुसऱ्या नरास बजावतो आणि मादीस बोलावितो. ती जवळ आली म्हणजे छाती फुगवून, शेपटी उभारून तिच्यापुढें मिरवितो.

बुलबुलाची तऱ्हा निराळी. नर पंख खालीं सोडून थरथरवितो आणि बुडाचा तांबडा रंग मादीस दिसावा म्हणून शेपटी पसरतो. जांभळा शिंजीर हिंवाळ्यांत मादीसारखाच फिकट दिसतो. विणीचा काळ येतांच त्याचें अंग निळें-काळें चकाकूं लागतें, आणि पंखांखालचे पिवळे झुपके फुलवून तो मादीपुढें डोलतो.

आपल्या बोलण्यांत एक चूक रूढ आहे. 'कोकिळा गाते' असें आपण म्हणतों. पण कुहू घालणारा तो काळा नर, मादी ठिपक्यांची. सुगरणीचेंही तसेंच. सन १९३० मध्यें पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनीं अलिबागजवळील किहीम येथें पाहिलें कीं, खोपा विणणारा नरच. अर्धा खोपा विणून तो पंख फडफडवितो. मादी तो तपासते, आणि तिनें पसंत केला तरच पुरा होतो.

हें सर्व शेतकरी बंधूंस सांगण्याचें कारण आमची स्वतःची चूक होय. महसुली दप्तरांतून मोकळे झाल्यावर पहिल्याच चैत्रांत आम्हीं वाडीचें मेंदीचें कुंपण छाटविलें. आठवडाभर आधीं तेथेंच बुलबुलांचें जोडपें शेपट्या पसरून नाचतांना आम्हीं पाहिलें होतें, परंतु त्याचा अर्थ उमगला नाहीं. गड्याच्या कोयत्याखालीं वाटीएवढें घरटें आलें. तीनही अंडीं फुटलीं. जोडपें दोन दिवस घिरट्या घालून निघून गेलें. पुढें पावसाळ्यांत भेंडीवर अळी पडली. तिचें कारण तें घरटेंच, असें आम्ही म्हणणार नाहीं. बुलबुल पिकलीं फळें खातो हेंही आम्हांस ठाऊक आहे. परंतु पिलांस अळ्या व किडे भरविणारें एक कुटुंब आम्हीं आपल्या हातानें घालविलें, इतकें खरें.

तेव्हांपासून आम्ही एक नेम पाळतों. कुंपणाची छाटणी माघ संपण्यापूर्वीं उरकून घ्यावी. राहिलीच, तर कोयता लावण्याआधीं दोन-तीन सकाळीं कुंपणाजवळ उभें राहून पाहावें. नर नाचतांना दिसला, तर घरटें तयार आहे किंवा लवकरच होणार, असें समजावें. अंडीं उबण्यास सुमारें दोन आठवडे आणि पिलें उडण्यास जवळजवळ तितकेच दिवस लागतात. म्हणून तेवढा भाग सहा आठवडे तसाच ठेवावा आणि तेथें विषारी औषध फवारूं नये. दयाळ झाडाच्या ढोलींत घरटें करितो. यास्तव धोका नसेल तर पोकळ फांदी तोडूं नये.

कुंपण सहा आठवडे वाढलेलें दिसलें तर शेजारी हंसतील, हंसूं द्यावें. छाटणी पुढें ढकलतां येते. फुटलेलीं अंडीं पुन्हां सांधतां येत नाहींत.