शेक सुरू होण्याआधी: जनुकांची तपासणी काय सांगते?

घरातल्या वडीलधाऱ्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला आणि शेक, म्हणजे रेडिएशन, ठरला की कुणीतरी सुचवतं, "आधी जीन टेस्ट करा." त्यातून काय कळतं, ते आपण क्रमाने पाहू.

शेकाचे किरण पेशीतल्या डीएनएचे धागे तोडतात. तूट सांधता आली नाही की पेशी मरते. सांधण्याचं काम बीआरसीए२, एटीएम अशा जनुकांकडे असतं.

मग बीआरसीए२ बिघडलेलं असेल तर शेक जास्त लागू पडेल, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात असा कॅन्सर बहुधा आक्रमक असतो आणि उपचारांनंतरही लवकर उलटू शकतो. म्हणून शेक टाळायचा, असं मात्र नाही.

सगळ्यात मोठा घोळ नमुन्याचा होतो. रक्तातून जन्मजात बदल कळतात. गाठीत नंतर झालेले बदल मुख्यतः गाठीच्या तुकड्यात सापडतात. रक्ताचा रिपोर्ट चांगला आला म्हणून गाठीबद्दल निर्धास्त होऊ नका.

तो तुकडा मेणात बसवून लॅबमध्ये जपतात, त्याला ब्लॉक म्हणतात. कोल्हापुरात बायोप्सी करून मुंबईला टाटा रुग्णालयात दाखवायला जाताना नुसते कागद नेऊ नका. ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या, पावती जपा.

गाठीतली कोणती जनुकं किती सक्रिय आहेत, हेही मोजता येतं. २०१६ साली अमेरिकेत शेकाचा फायदा कितपत होईल याचा अंदाज गुणांनी देणारी 'पोर्टोस' ही २४ जनुकांची चाचणी मांडली गेली. पडताळणीत, जास्त गुण मिळालेल्या ज्या रुग्णांना ऑपरेशननंतर शेक दिला होता, त्यांच्यात दहा वर्षांत कॅन्सर पसरण्याचं प्रमाण ४ टक्के होतं. न दिलेल्यांत ३५ टक्के. आकडे आशादायक आहेत, पण ते ऑपरेशन झालेल्या अमेरिकी रुग्णांच्या जुन्या नोंदींवरचे. आपल्या माणसाला ते जसेच्या तसे लावू नयेत, असं मला वाटतं.

आजही निर्णयाचा पाया पीएसए (रक्तातलं प्रोस्टेटचं प्रथिन), ग्लिसन (बायोप्सीत दिसणारी गाठीची तीव्रता) आणि स्कॅन हाच आहे. टाटा रुग्णालयाच्या २२४ रुग्णांच्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जास्त धोक्याचे रुग्ण अशाच निकषांवर निवडले होते. प्रोस्टेटसोबत ओटीपोटातल्या लसिकाग्रंथींनाही शेक दिलेल्यांत पाच वर्षांनी पीएसए पुन्हा न वाढलेले ९५ टक्के होते. फक्त प्रोस्टेटला दिलेल्यांत ८१.

जनुकांच्या तपासणीसाठी रक्त देण्याआधी समुपदेशकाशी बोला. जन्मजात बीआरसीए२ दोष निघाला, तर तो प्रत्येक मुलात येण्याची शक्यता निम्मी असते. मुलींनाही हे सांगायला हवं. त्यांच्यासाठी तो स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कॅन्सरचा धोका असतो.