कॉलेजच्या ग्रंथालयाकडून आपल्या मुलांनी काय काय मागावं?

दर वर्षी जून-जुलै आला की बुलढाणा, खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर इथल्या कॉलेजांत प्रवेशाची गर्दी होते. फीच्या पावतीत एक ओळ ग्रंथालय शुल्काची असते. पालक ती रक्कम भरतात, पावती घडी करून कपाटात ठेवतात आणि विषय तिथेच संपतो. त्या पैशांत मुलाला वर्षभरात काय मिळालं, हे सहसा कोणी विचारत नाही. दोन पुस्तकं घरी न्यायची, उशीर झाला तर दंड भरायचा आणि परीक्षेच्या तोंडावर 'नो ड्यूज'वर सही घ्यायची, एवढंच अनेक विद्यार्थ्यांचं ग्रंथालयाशी नातं असतं. ग्रंथालयाचं काम याहून बरंच मोठं आहे. पण ते मागितल्याशिवाय बहुधा मिळत नाही, म्हणून हा लेख.

आपल्या समाजातल्या अनेक घरांत कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी ही घरातली पहिलीच असते. त्यातली बरीच मुलं दहावी-बारावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकतात आणि पदवीला एकदम मराठी किंवा इंग्रजी पुस्तकांसमोर येतात. हुशारी कमी पडत नाही, मेहनतही कमी पडत नाही. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. विषयावरची माहिती शोधायची कुठे, वीस पानांच्या लेखातलं कामाचं कोणतं आणि सोडून द्यायचं कोणतं, टिपण कसं काढायचं, दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत कसं लिहायचं आणि ते कुठून घेतलं हे कसं सांगायचं, ही कामं शाळेत कोणी शिकवलेली नसतात. कॉलेजातले सर-मॅडम धरून चालतात की मुलांना हे येतं. मुलं धरून चालतात की हे विचारलं तर हसं होईल. मग गाइड आणि झेरॉक्सच्या दुकानात मिळणारा तयार प्रोजेक्ट, हा रस्ता उरतो.

आतापर्यंत त्या रस्त्याने भागत होतं. आता भागणं अवघड आहे. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पदव्युत्तर वर्गांना आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतल्या पदवी वर्गांना नवा आराखडा लागू झाला. एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी.च्या मुलांना 'संशोधन पद्धती' हा विषय आणि पुढे संशोधन प्रकल्प आहे. पदवीच्या मुलांनाही क्षेत्रीय प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव यांचे श्रेयांक मिळवावे लागतात. म्हणजे शोधणं, वाचणं आणि लिहिणं यांना आता थेट गुण आहेत.

विद्यापीठाचा विषय निघालाच आहे तर आपली रचना समजून घेऊ. बुलढाणा जिल्ह्यातली कॉलेजं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाला जोडलेली आहेत. हे विद्यापीठ १ मे १९८३ रोजी सुरू झालं. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी 'ज्ञान स्रोत केंद्र' असा शब्द आहे. नाव बदललं त्यामागे विचार आहे. पुस्तकं सांभाळण्यापुरतं न राहता ज्ञान मिळवायला मदत करणं, हे या विभागाचं काम मानलं गेलं. पण बुलढाण्याहून अमरावती दोनशे किलोमीटरच्या आसपास. बुलढाणा शहरात रेल्वेही नाही. मलकापूर किंवा शेगाव गाठावं लागतं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातली मुलगी रोज अमरावतीला जाऊन संदर्भ शोधणार नाही, हे उघड आहे. तिच्यासाठी विद्यापीठाचं ग्रंथालय म्हणजे तिच्या कॉलेजातली ती खोली, तिथले ग्रंथपाल आणि मोबाईलवर उघडणारी साधनं.

ग्रंथपालांबद्दल एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. कॉलेजचे ग्रंथपाल फक्त पुस्तकं देणारे-घेणारे कर्मचारी नसतात. त्या पदासाठी ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते, आणि माहिती कशी शोधायची, कशी तपासायची हाच त्या शास्त्राचा गाभा आहे. त्यांना काम सांगणं म्हणजे त्रास देणं नव्हे.

हे काम प्रत्यक्षात कसं चालतं, ते आपल्याच जिल्ह्यातल्या लोणारच्या उदाहरणाने पाहू. समजा, एखाद्या विद्यार्थ्याने 'लोणार सरोवराचं पाणी' असा प्रकल्पाचा विषय घेतला. पहिल्यांदा तो मोबाईलवर शोधेल. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं, त्याच्या बातम्यांचा ढीग समोर येईल. त्यात कोणी शेवाळ म्हणतं, कोणी जिवाणू म्हणतं, कोणी चमत्कार म्हणतं. इथे ग्रंथपालाचा पहिला प्रश्न असायला हवा: हे कोण म्हणतंय आणि कशाच्या आधारावर? बातमी घटनेच्या दिवशी लिहिली जाते, तपासणी नंतर होते. त्या वेळी पाण्याचे नमुने नागपूरच्या 'नीरी'कडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे पाठवले गेले. आघारकर संस्थेच्या तपासणीतून मीठ आवडणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, म्हणजे हॅलोआर्किया गटातल्या जीवांमुळे हा रंग आल्याचं समोर आलं. प्रकल्पात लिहायचं ते हे, आणि सोबत कुठून घेतलं तेही.

आता दुसरी अडचण. हे विवर किती जुनं? एका ठिकाणी सुमारे ५० हजार वर्षं असं सापडेल, दुसऱ्या ठिकाणी सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. बहुतेक मुलं यातला एक आकडा उचलतात, जो आधी दिसेल तो. गोंधळलेला मुलगा दोन्ही सोडून देतो. खरं तर प्रकल्पातली सगळ्यात चांगली दोन पानं इथेच दडलेली आहेत. पहिला आकडा दगड तापवल्यावर त्यातून निघणाऱ्या प्रकाशाच्या मोजणीतून आला. दुसरा २०११ च्या सुमाराला, दगडातल्या आर्गॉन वायूच्या प्रमाणावरून काढला गेला. पद्धत वेगळी, म्हणून उत्तर वेगळं. हे ज्या विद्यार्थ्याने लिहिलं, त्याला तोंडी परीक्षेत कोणी अडवू शकत नाही. आणि हे कळायला फार मोठी बुद्धी लागत नाही. दोन लेख समोर ठेवून वाचायला कोणीतरी एकदा शिकवावं लागतं, एवढंच.

यापुढची पायरी म्हणजे कोणाचं आधीचं काम आहे का, हे पाहणं. त्यासाठी 'शोधगंगा' आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने चालवलेल्या या संकेतस्थळावर भारतातल्या विद्यापीठांचे लाखो पीएच.डी. प्रबंध आहेत, अमरावती विद्यापीठाचेही. पैसे लागत नाहीत, पासवर्ड लागत नाही. लोणार असा शब्द इंग्रजी अक्षरांत टाकून शोधलं की त्यावर कोणी कोणी काम केलं ते समोर येतं. पूर्ण प्रबंध वाचायची गरज नाही. पहिलं प्रकरण आणि शेवटची संदर्भसूची पाहिली तरी पुढचा रस्ता सापडतो. मात्र तिथून उतारे उचलून आपल्या नावावर घालायचे नाहीत.

उचलेगिरीबद्दल जरा स्पष्ट बोलायला हवं, कारण यात मुलांचं वर्ष जाऊ शकतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये यासाठी नियम केले. पदव्युत्तर आणि पीएच.डी.च्या प्रबंधातला मजकूर इतरांच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंत जुळला तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के जुळला तर ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, दुरुस्त करून द्यावा लागतो. ४० ते ६० टक्क्यांमध्ये सुधारित प्रत एक वर्ष सादर करता येत नाही. ६० टक्क्यांच्या वर गेला तर त्या अभ्यासक्रमाची नोंदणीच रद्द होते. तपासणी संगणकावर होते. २०१९ पासून इन्फ्लिबनेटच्या 'शोधशुद्धी' योजनेतून विद्यापीठांना तशी सॉफ्टवेअर मिळाली. आमच्या अनुभवात उचलेगिरीत सापडणारी बरीच मुलं चोर नसतात. पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं लिहिणं म्हणजेच अभ्यास, असं त्यांना शाळेपासून वाटत आलेलं असतं. पाठांतराला गुण मिळाले, तर त्यांचं तरी काय चुकलं? अवतरण चिन्ह कधी द्यायचं, आपल्या शब्दांत मांडलं तरी मूळ लेखकाचं नाव का द्यायचं, संदर्भसूची कोणत्या क्रमाने लिहायची, हे तासाभरात शिकवता येतं. तो तास ग्रंथालयाने घ्यावा, ही मागणी अजिबात जास्तीची नाही.

मोबाईलवरच्या चॅटबॉटला विचारून प्रोजेक्ट लिहिण्याचा नवा प्रकारही सुरू झाला आहे. एखादी अवघड संकल्पना समजून घ्यायला तो वापरला तर ठीक. पण संदर्भ मागितले की ही यंत्रं कधी कधी अस्तित्वातच नसलेली पुस्तकं आणि लेख खऱ्यासारखे सांगतात. तपासायची रीत सोपी आहे. ते नाव ग्रंथालयाच्या यादीत किंवा शोधगंगेवर टाकून पाहायचं. सापडलं नाही तर ग्रंथपालांना दाखवायचं.

पैशांचा प्रश्न संशोधन करणाऱ्या मुलांना जास्त जाचतो. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप बंद केल्याचं सांगितलं, तेव्हापासून अनेकांचं गणित बिघडलं. परदेशी नियतकालिकातला एकेक लेख विकत घ्यायला काही हजार रुपये लागू शकतात. तो स्वतःच्या खिशातून घेण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या. आपलं कॉलेज 'एन-लिस्ट'चं सदस्य आहे का? असेल तर विद्यार्थ्याला ग्रंथालयाकडून स्वतःचा आयडी-पासवर्ड मिळतो आणि हजारो इ-पुस्तकं, नियतकालिकं घरून उघडतात. दुसरी गोष्ट 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या या योजनेत २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६ हजार कोटी रुपये ठेवले आहेत. ३० प्रकाशकांची जवळपास १३ हजार नियतकालिकं त्यात येतात. योजना केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी आहे. म्हणून खासगी संस्थेच्या कॉलेजातल्या विद्यार्थ्याने आपल्याला ती आपोआप मिळेल असं धरू नये. विद्यापीठाच्या ज्ञान स्रोत केंद्रात जाऊन लेख पाहता येईल का, हे आपल्या ग्रंथपालांमार्फत विचारून घ्यावं. अमरावतीची एक खेप करायचीच असेल तर हव्या असलेल्या लेखांची यादी करूनच निघावं.

भाषेचं ओझंही कमी करता येतं. विषय आधी ओळखीच्या भाषेत वाचा, मग इंग्रजीकडे जा. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर मोफत आहे. आयआयटी खरगपूरने उभारलेल्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयात अनेक भारतीय भाषांतलं साहित्य आहे. उर्दू साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी 'रेख्ता'वर हजारो जुनी पुस्तकं वाचायला मिळतात. उर्दूत समजून घेतलं, मराठीत टिपण काढलं आणि इंग्रजीत लिहिलं, यात कमीपणा काही नाही. तीन भाषा वापरता येणं ही आपल्या मुलांची ताकद आहे, फक्त ती अभ्यासाच्या कामाला लावायची राहून जाते.

मुलींचा प्रश्न वेगळा आहे. खेड्यातून एसटीने येणाऱ्या मुलीला शेवटच्या तासानंतर अर्धा तास मिळाला तर मिळाला, मग गाडी. तिची बस आणि ग्रंथालयाची वेळ जुळत नसेल तर उपयोग काय? घरच्यांनी 'कॉलेज सुटलं की थेट घरी' हा नियम आठवड्यातून एका दिवसासाठी थोडा सैल करावा, अशी आमची विनंती आहे. कॉलेजनेही मधल्या सुट्टीत ग्रंथालय उघडं ठेवावं. काही ठिकाणी नेमकं त्याच वेळी दाराला कुलूप असतं.

मागायचं कसं? प्रवेशानंतर पहिल्या महिन्यात मुलाने ग्रंथपालांना भेटून चार गोष्टी विचाराव्यात. पुस्तकांची संगणकीय यादी, म्हणजे ओपॅक, कशी पाहायची? एन-लिस्टचा पासवर्ड कधी मिळेल? गरजू विद्यार्थ्यांसाठी बुक बँक आहे का, म्हणजे सेमिस्टरभर पुस्तकांचा संच घरी ठेवता येईल का? आणि टिपण, संदर्भ, प्रकल्पलेखन यांवर एखादं सत्र कधी आहे? सत्र होत नसेल तर वर्गातल्या वीस-पंचवीस मुलांनी सह्यांचा साधा अर्ज प्राचार्यांना द्यावा. हे भांडण समजू नये. 'नॅक'च्या मूल्यांकनात ग्रंथालयाची साधनं आणि त्यांचा वापर यांची नोंद पाहिली जाते, त्यामुळे असं सत्र कॉलेजच्याही फायद्याचंच असतं. पालक-शिक्षक सभेत शौचालय, फी आणि हजेरी यांच्यासोबत हा मुद्दाही अब्बू-अम्मींनी काढावा. त्यासाठी स्वतः शिकलेलं असण्याची गरज नाही, "ग्रंथालयाचा तास कोणत्या दिवशी असतो, साहेब?" एवढं विचारलं तरी पुरे.

आणि ज्यांच्या कॉलेजात खरंच काही नाही, त्यांच्यासाठी बुलढाण्याचं शासकीय जिल्हा ग्रंथालय आहे, तालुक्याच्या गावी अनुदानित सार्वजनिक वाचनालयं आहेत. आपल्या वस्त्यांतही अभ्यासिका चालवणारे तरुण आहेत. त्यांनी स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांशेजारी एक संगणक, इंटरनेट आणि शोधगंगा कशी वापरायची याची एक पानाची सूचना भिंतीवर लावली, तर सेमिस्टरच्या शेवटच्या आठवड्यात झेरॉक्सच्या दुकानासमोरची रांग जरा लहान होईल.