‘डिप्रेशन’ : एक शब्द, अनेक अर्थ

चिकित्साव्यवहारात शब्दाचे महत्त्व औषधाहून कमी नाही. रुग्णाने उच्चारलेला शब्द आणि वैद्याने घेतलेला अर्थ यांत अंतर पडले, की निदानाची दिशा चुकते. असे अंतर ज्या शब्दाबाबत आम्हांस वारंवार जाणवते, तो शब्द म्हणजे ‘डिप्रेशन’. त्याचे निरनिराळ्या शास्त्रांतील अर्थ पाहून आयुर्वेदोक्त विषादाशी त्याचे नाते कोठपर्यंत जुळते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या विचारास एक प्रसंग कारण झाला. काही वर्षांपूर्वी वैनगंगेकाठच्या एका गावातील प्रौढ धान उत्पादक शेतकऱ्यास त्याच्या मुलाने आमच्याकडे आणले. छातीत जडपणा व चालताना दम लागणे ही लक्षणे होती. हृदयालेख अन्यत्र काढलेला होता व त्यावर ‘एसटी डिप्रेशन’ असा शेरा होता. मुलाने ‘डिप्रेशन’ एवढाच शब्द वाचला. “बाबांनी कर्जाचं टेन्शन घेतलं आहे, म्हणून मनाचं औषध द्या,” असे तो म्हणाला. या समजुतीत तीन दिवस गेले होते. आम्ही रुग्णास तत्काळ हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठविले. सुदैवाने तो बचावला.

शब्दाचे मूळ

हा शब्द ‘खाली दाबणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला आहे. जे समपातळीखाली गेले ते डिप्रेशन, एवढाच त्याचा मूलार्थ. काय खाली गेले, हे त्या त्या शास्त्राने ठरवावयाचे.

हवामानशास्त्रात वायुभार खाली जातो. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र निर्माण होऊन वाऱ्याचा वेग ताशी सुमारे ३१ ते ४९ किलोमीटर झाला, की भारतीय हवामान विभाग त्यास ‘डिप्रेशन’ म्हणतो. ५० ते ६१ असता ‘डीप डिप्रेशन’ आणि त्यापुढे चक्रीवादळ. पावसाळ्यात ही क्षेत्रे ओडिशा, छत्तीसगडमार्गे मध्य भारतात सरकतात व आपल्या जिल्ह्यातील धानाला पाऊस देतात. पाऊस अति झाला तर काय होते, हे ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या महापुरात भंडारेकरांनी अनुभवले आहे.

भूगोलात जमिनीची पातळी खाली असते. भंडारा हा तलावांचा जिल्हा. उताराच्या सखल जागी पाळ बांधून आपल्या पूर्वजांनी बोड्या व मालगुजारी तलाव निर्माण केले. येथे खोलगटपणा हा दोष नसून पाणी धरून ठेवणारा गुण आहे. गणितात दृष्टी क्षितिजसमांतर रेषेखाली वळते, तो अवनत कोन.

अर्थशास्त्रात मागणी, किमती व रोजगार खाली जातात. १९२९ मध्ये सुरू झालेल्या जागतिक महामंदीत शेतमालाचे भाव कोसळले. शेतकऱ्याचे कर्ज मात्र तेवढेच राहिले. पोलादाची मागणी आटल्याने मॅंगनीजच्या व्यवसायासही फटका बसला, आणि मॅंगनीजच्या खाणी तर आपल्याच जिल्ह्यात आहेत.

वैद्यकातील अर्थ

एकट्या आधुनिक वैद्यकातच या शब्दाचे अर्थ अनेक आहेत. ‘एसटी डिप्रेशन’ म्हणजे हृदयालेखातील विशिष्ट खंड आधाररेषेखाली उतरणे. हृदयपेशींना रक्तपुरवठा अपुरा पडणे हे त्याचे महत्त्वाचे कारण. पोटॅशियमची न्यूनता व डिजॉक्सिनसारखी औषधे ही अन्य कारणे. अफूवर्गीय द्रव्ये किंवा झोपेच्या गोळ्या यांच्या अतिमात्रेने श्वसनकेंद्र मंदावते, ते श्वसनाचे डिप्रेशन. अस्थिमज्जेत रक्तपेशींची निर्मिती घटणे हे मज्जेचे डिप्रेशन, तर आघाताने कवटीचे हाड आत दबणे हा ‘डिप्रेस्ड’ भग्न. यांपैकी एकाही अवस्थेस मनोविकार म्हणता येत नाही, आणि यांतील बहुतेक ठिकाणी विलंब प्राणघातक ठरू शकतो.

मानसरोग या अर्थाने डिप्रेशन म्हणावयाचे, तर मनाची खिन्नता किंवा कशातही रस न वाटणे हे लक्षण किमान दोन आठवडे, दिवसाचा बहुतांश काळ असावे लागते. त्यासोबत निद्रा, क्षुधा, बल व एकाग्रता यांत बिघाड, अपराधीपणाची भावना, मरणाचे विचार ही लक्षणे आढळतात. एखाद्या दिवसाची उदासी हा रोग नव्हे.

आयुर्वेदीय विचार

संस्कृतात ‘सद्’ या धातूस बसणे, खचणे असे अर्थ आहेत. विषाद व अवसाद हे शब्द त्यापासूनच झाले. आणि लक्षणीय बाब अशी, की ‘प्रसन्न’ हा शब्दही त्याच धातूचा. सुश्रुताचार्यांनी स्वस्थ पुरुषाच्या व्याख्येत आत्मा, इंद्रिये व मन यांची प्रसन्नता समाविष्ट केली आहे. म्हणजे मनाचे खचणे आणि मनाचे निवळणे या एकाच धातूच्या दोन दिशा आहेत.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २० व्या अध्यायात ८० वातविकारांत विषादाची गणना केली आहे. अस्वप्न व अनवस्थितचित्तत्व हेही तेथेच येतात. २५ व्या अध्यायात रोग वाढविणाऱ्या भावांत विषादास अग्रस्थान दिले आहे. विमानस्थानाच्या ४ थ्या अध्यायात तर विषादावरून भयाचे आणि विषादाच्या अभावावरून धैर्याचे अनुमान करावे, असे सांगितले आहे.

तथापि ‘डिप्रेशन म्हणजे विषाद, विषाद म्हणजे वात’ असे समीकरण मांडणे आम्हांस योग्य वाटत नाही. झोप उडालेला, कृश होत चाललेला, अस्वस्थ रुग्ण वातप्रधान दिसतो. परंतु अतिनिद्रा, गौरव व आलस्य असलेल्या रुग्णात तंद्रादी कफविकारांचा विचार करावा लागतो. नाव एक असले तरी संप्राप्ती भिन्न असते.

व्यवहारातील दक्षता

आपल्या भागातील रुग्ण क्वचितच ‘डिप्रेशन’ म्हणतो. “मन लागत नाही”, “अंगात त्राण नाही”, “जेवणाची इच्छा नाही” असे तो सांगतो. अशा वेळी पांडू, थायरॉइडची न्यूनता व पूर्व विदर्भात आढळणारा सिकलसेल यांचा विचार प्रथम करावा. ते नसल्यास मनाविषयी सरळ विचारावे. मरणाचे विचार येतात का, हे विचारल्याने ते विचार बळावत नाहीत. उलट रुग्णास मोकळे होण्यास वाट मिळते. तसे विचार असल्यास रुग्णास एकटे सोडू नये, कीटकनाशके व औषधे त्याच्यापासून दूर ठेवावीत व मानसरोगतज्ज्ञाकडे त्वरित पाठवावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक चिकित्सालयात लावून ठेवावा. चालू असलेली आधुनिक औषधे आपल्या सांगण्यावरून एकाएकी बंद होऊ देऊ नयेत. सत्त्वावजय, म्हणजे ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती व समाधी यांचा आधार, या उपचारांसोबत अवश्य द्यावा.

आता त्या शेतकऱ्याविषयी उरलेले सांगावयास हवे. हृदयविकारातून सावरल्यावर तो आमच्याकडे येत राहिला व “मन लागत नाही” असे दोन-तीनदा म्हणाला. आम्ही ते व्याधिजन्य दौर्बल्य समजून बल्य कल्प देत राहिलो. शेवटी त्याच्या पत्नीने, तो रात्र-रात्र जागा असतो व पोरांशी बोलत नाही, असे सांगितले, तेव्हा आम्ही सावध झालो. हृदयविकारानंतर असा विषाद वारंवार आढळतो व तो हृद्रोगासही मारक ठरतो, हे ठाऊक असूनही आमच्याकडून विलंब झाला. मुलाने शब्द ऐकून हृदय पाहिले नाही, आणि आम्ही हृदय पाहून मन पाहिले नाही.

म्हणून वैद्यबंधूंना विनंती, की ‘डिप्रेशन’ हा शब्द कानी पडताच काय खाली गेले आहे, हा प्रश्न आधी स्वतःस विचारावा. आणि शब्द कानी पडला नाही, तरी मनाविषयी विचारण्यास विसरू नये.