दोघांचा वाढदिवस आणि तीन दिवसांची सावड

मैत्रिणींनो, घरातल्या पन्नाशीपुढच्या माणसांची आधार कार्डं एकदा काढून बघा. निम्म्यांचा जन्म एक जूनचा निघेल! शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली ती तारीख. आमच्याकडे तर नवरा-बायको दोघंही एक जूनचेच. पण आईचा हिशेब वेगळा असतो. ह्यांचा जन्म कोजागिरीचा आणि माझा तुळशीच्या लग्नाचा, असं दोन्हीकडच्या आयांनी सांगून ठेवलेलं. २०२४ साली ह्यांना पंचावन्न पुरी झाली आणि मला पन्नास. लेकीचा फोन आला, ‘‘आई, केकबिक काही नको. दोघं कुठंतरी जाऊन या. दोघंच.’’

तो ‘दोघंच’ शब्द ऐकून मला हसूच आलं. माझं माहेर इंदापूरकडचं, सासर बारामती तालुक्यातलं. जोडीनं जायचं म्हणजे जेजुरी, तुळजापूर, नाहीतर नीरा नरसिंहपूर. तेही जीप भरून, दशम्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन. तिथंही वाढायला आपणच! लग्नाला तीस वर्षं झाली, पण नुसती हवा खायला म्हणून आम्ही उंबरा ओलांडला नव्हता. ह्या वेळी मात्र माझ्या भिशीचे पैसे हातात होते. म्हटलं, आपल्या पैशानं जायचं, तर गावही आपणच निवडायचं.

आता कुठं जायचं, ते मी चार गोष्टींवर ठरवायचं म्हटलं. हवा कशी, गुडघ्याला झेपेल का, गर्दी किती, आणि मागं घराचं काय?

पहिली हवा. पंचांगात आश्विन-कार्तिक म्हणजे शरद ऋतू. चांदणं, मसाला दूध... वाचायला फार छान! पण आपल्याकडचा ऑक्टोबर कसा असतो हे मी सांगायला नको. पाऊस परतताना आभाळ मोकळं होतं, जमीन मात्र ओलीच असते. त्यात वरून ऊन तापलं की अंगाला नुसती चिकचिक. शिवाय आपला भाग सह्याद्रीच्या आडोशाचा. जुलै-ऑगस्टमध्ये हुलकावणी देणारा पाऊस परतीच्या वाटेवरच आपल्याकडे जोरात पडतो. म्हणजे कोजागिरीच्या सुमाराला एकतर चिखल, नाहीतर घाम. खरी सुखाची हवा सुरू होते ती दिवाळीनंतर, पहाटे गोधडी ओढून घ्यावीशी वाटते तेव्हा. म्हणून ह्यांची तिथी सोडली आणि माझी धरली. ह्यांनीही, ‘‘बरं, तुझी तर तुझी,’’ म्हणून मान्य केलं.

मग गावांची यादी. लेक म्हणाली, कासचं पठार. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारशात गेला, त्यात कासही आहे. पण तिथल्या फुलांचा बहर सप्टेंबरचा, फार तर ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचा. तुळशीच्या लग्नाला जाऊन काय बघायचं, वाळलेलं गवत? पुतण्या म्हणाला, तारकर्ली. समुद्र मलाही हवाच होता, पण समुद्राकाठची हवा दमट, आणि आमच्याकडून तिथवर जायचं-यायचं म्हणजे तीनातले दोन दिवस गाडीतच. ह्यांचं म्हणणं, ‘‘लांब कशाला? भिगवणला जाऊ. उजनीचं पाणी बघू, मासे खाऊ.’’ भिगवण इंदापूर तालुक्यातलंच, म्हणजे माझ्या माहेरचंच म्हणा ना! पण नोव्हेंबरात धरण सहसा भरलेलं असतं. रोहित पक्षी खरे जमतात ते थंडीत, पाणी ओसरून काठचा गाळ उघडा पडला की. तेव्हा भिगवण फेब्रुवारीसाठी राखून ठेवलं.

उरलं महाबळेश्वर आणि पन्हाळा. इथं एक साधा हिशेब उपयोगी पडला. हजार फूट वर चढलं की हवा साधारण दोन अंशांनी उतरते. बारामती समुद्रसपाटीपासून अठराशे फुटांच्या आसपास, महाबळेश्वर साडेचार हजारांच्या. म्हणजे आपल्यापेक्षा पाच-एक अंश थंड. पन्हाळा सुमारे तीन हजार फूट, म्हणजे दोन-अडीच अंशांचा फरक. महाबळेश्वर जवळ खरं, पण दिवाळीनंतर तिथं माणसांची जत्रा, खोल्यांचे भाव चढलेले, आणि रात्रीची थंडी ह्यांच्या दम्याला सोसली नसती. पन्हाळ्याची हवा बेताची. ना घाम, ना हुडहुडी. किल्ला असला तरी गाडी थेट वर जाते. किल्ल्यावरच वस्ती आहे, त्यामुळे पायऱ्या चढून गुडघे धरायची वेळ येत नाही. ठरलं, पन्हाळा!

गाव ठरलं, पण घर? ह्यांनी कारणांची माळच लावली. ‘‘टोळी आली तर? कालव्याला पाणी सुटलं तर? धारा कोण काढणार?’’ टोळीचं उत्तर सोपं होतं. त्या वर्षी सरकारनं गाळपाला परवानगी दिली ती १५ नोव्हेंबरपासून. तुळशीचं लग्न १३ ला, बुधवारी. म्हणजे ११, १२, १३ हे तीन दिवस मोकळे, आणि शनिवार-रविवार नसल्यानं गर्दीही कमी. धारांसाठी मी जाऊबाईंना धरलं. शेतात आपण सावड करतोच की! आज तुमच्या खुरपणीला आम्ही, उद्या आमच्या खुरपणीला तुम्ही. मग घरकामाची सावड का नको? तीन दिवस माझ्या चार गाई आणि चूल तुम्ही सांभाळा, फेब्रुवारीत तुमचं सगळं मी सांभाळते. जाऊबाई आधी गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, ‘‘वहिनी, फेब्रुवारीत नक्की ना?’’ त्या एका प्रश्नात किती वर्षांचं काय काय होतं, ते तुम्हाला कळेलच.

सगळ्यात अवघड गाठ सासूबाईंची. १२ तारखेला कार्तिकी एकादशी. ‘‘एकादशीला पंढरपूर सोडून डोंगर हिंडायला चाललात व्हय?’’ मी म्हटलं, ‘‘आत्या, जोतिबा तिथंच शेजारी आहे. आणि येताना अंबाबाईची ओटी भरून येते.’’ मग आत्यांनी स्वतःच्या पेटीतलं खणाचं कापड काढून दिलं.

एसटीनंच गेलो. फलटण, सातारा, कोल्हापूर. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. माझं अर्धं, ह्यांचं पूर्ण. ‘‘वाढदिवस दोघांचा आणि सवलत एकीलाच!’’ असं हे वाटभर कुरकुरत होते.

पन्हाळ्यावर काय केलं? फार काही नाही, हीच मजा! संध्याकाळी सज्जाकोठीवर वाऱ्यात बसलो. तीन दरवाजा, धान्याची अंबरखाना कोठारं पायीपायी बघितली. पहिल्या दिवशी झुणका-भाकर खाल्ली. घरी रोजचीच, पण ही दुसऱ्याच्या हातची आणि गरम! एकादशीला जोतिबाचं दर्शन घेऊन साबुदाण्याची खिचडी, तीही आयती. पहाटे साडेचारला सवयीनं जाग आली, आणि लक्षात आलं की उठायचं नाहीये. बाहेर धुकं होतं. ह्यांनी खाली जाऊन माझ्यासाठी चहा आणला. तीस वर्षांत पहिला! गोड जरा जास्तच होता, पण मी बोलले नाही. १३ ला अंबाबाई करून संध्याकाळी घरी, तुळशीला उसाचा मांडव घालायला वेळेत हजर.

पुढं जुलै २०२५ मध्ये शिवरायांच्या काळातले बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यात पन्हाळाही आला. त्यामुळे आता तिथं गर्दी वाढायचीच. जाणार असाल तर आठवड्याच्या मधले दिवस धरा, खोली आधी सांगून ठेवा, एक शाल आणि गुडघ्याचं तेल घ्या. आणि सगळ्यात आधी आपली जाऊ, नणंद नाहीतर शेजारीण गाठून सावड ठरवा. गावं पुष्कळ आहेत हो, अडतं ते धारांपाशी आणि चुलीपाशी.

आणि हो, फेब्रुवारीत जाऊबाई-भाऊजी भिगवणला जाऊन आले. रोहित पक्षी बघितले म्हणे. आठ धारांनी माझे हात भरून आले होते, पण सावड ती सावड!