पानातला मोझॅक डोळ्यात कसा उतरतो?



गेल्या लागणीच्या वेळी एका सभासदाचा बेणे प्लॉट पाहायला गेलो होतो. ऊस जोमदार, कांडी लांब. पण कोवळे पान उजेडासमोर धरले, तर हिरव्यात फिकट, तुटक पट्टे. मोझॅक! सभासद म्हणाले, "साहेब, तेवढी पानं काढून टाकतो की. बेण्याला काय झालंय?" प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर सर्वांसाठी देतो.

मोझॅक हा विषाणूचा रोग. मावा रोगट पानात सोंड खुपसतो, मग निरोगी पानात. तेवढ्या क्षणात रोग लागतो. म्हणूनच फवारणीने मावा मरण्याआधीच काम झालेले असते. विषाणू पेशीत शिरला की तिच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या असंख्य प्रती करून घेतो. पेशीची भिंत काही त्याला फोडता येत नाही. पण शेजारच्या पेशींना जोडणाऱ्या अतिसूक्ष्म वाटा त्या भिंतीत असतात. एका मिलिमीटरचे २०,००० भाग करावेत, साधारण तेवढी एकीची रुंदी, आणि तीही आतून बरीचशी बुजलेली. विषाणूची खास प्रथिने ती वाट मोठी करतात आणि तो पलीकडे सरकतो. एका वाफ्याचे बारे फोडून पाणी दुसऱ्यात जावे, तसे हे पेशीमागून पेशी चालते.

शिरेतली अन्नवाहिनी गाठली की मात्र त्याचा वेग वाढतो. पानात तयार झालेली साखर ज्या वाटेने कांडीत उतरते, त्याच वाटेने तोही कांडीत, मुळात आणि डोळ्यात जातो. म्हणजे पाने काढून काही साधत नाही. त्या टिपरीबरोबर रोग नव्या रानात जातो, खोडव्यातही राहतो.

मग करायचे काय?

१. बेणे मळ्यातले रोगट बेट मुळासकट उपटा.
२. लोहाच्या कमतरतेचे पट्टे पानभर सलग असतात, ते हिराकसाने सुधारतात. मोझॅकला औषध नाही. शंका आली तर गट कार्यालयात कळवा.
३. बेणे मळ्यासाठी ऊतिसंवर्धित रोपे घ्या. शेंड्याच्या अगदी टोकाला वाहिन्या तयार झालेल्या नसतात, तिथे विषाणू सहसा पोहोचत नाही. त्या टोकापासून केलेली आणि तपासलेली रोपे म्हणून निरोगी.

त्या सभासदांनी बेण्याच्या जादा पैशावर पाणी सोडले आणि सगळा ऊस गाळपाला दिला. त्यामुळे शेजारची किती राने वाचली, हे मोजता येणार नाही. पण वाचली, एवढे नक्की.

— ऊस विकास अधिकारी