दात साफ केल्याने ते हलतात का?

दंतवैद्याकडे दात साफ करून घेतले की ते हलू लागतात, असा समज आहे. खरे कारण बहुधा पायोरिया (हिरड्या व दातांभोवतीच्या हाडाचा आजार) हे असते. दातांवरचा जिवाणूंचा चिकट थर रोज निघाला नाही, तर त्याचे कडक कीटण बनते, हिरड्या सुजतात आणि दाताला धरून ठेवणारे हाड झिजते. खांबाभोवतीची माती धुपावी, तसेच हे. कीटण निघाल्यावर आधीच झालेली झीज उघडी पडते, म्हणून दात सैल वाटतो. झिजलेले हाड सहसा आपोआप भरून येत नाही. त्यामुळे हिरड्यांतून रक्त येऊ लागताच तपासणी करावी. दिवसातून २ वेळा ब्रश, दातांमधल्या फटींची सफाई, तंबाखू-मिश्री बंद आणि मधुमेहावर नियंत्रण ठेवल्यास उतारवयातही दात टिकू शकतात.