राजपुरीचा धक्का आणि अब्बांची बाकी

मे महिन्याची सुट्टी लागली की आमच्या घरात एकच विषय असे, राजपुरी. शेजारपाजारची मुले मुंबईला मामाकडे जात, कोणी महाबळेश्वरला जाई. आम्ही तिघे भावंडे मात्र वर्षानुवर्षे राजपुरी-मुरूडलाच जायचो. कारण साधे होते. अब्बा एस.टी.त कंडक्टर होते आणि त्यांना मिळणारा कुटुंबाचा मोफत पास हीच आमच्या सहलीची दौलत होती. माणगाव तालुक्यातल्या आमच्या गावाहून म्हसळा, तिथून बोर्ली पंचतनवरून दिघी आणि दिघीहून लाँचने खाडी ओलांडून राजपुरी. लाँच सुटली की डाव्या हाताला समुद्रात जंजिरा दिसू लागे आणि अब्बा टोपी सारखी करत म्हणत, "बघा, आला तुमचा किल्ला!"

यंदा जानेवारीत अब्बा अल्लाहला प्यारे झाले. मध्ये रमजान आला, ईद आली. ईदच्या दिवशी त्यांची शेरवानी खुंटीला तशीच होती. ती काढून ठेवायचे धाडस कोणाला झाले नाही. अम्मीची इद्दत, चार महिने दहा दिवस, मे महिन्यात पुरी झाली. "कुठे जाऊन येऊ या का?" असे विचारताच ती म्हणाली, "मला राजपुरीला न्या. तिथे ते मोकळे हसत असत."

एक मसुदा

निघालो खरे, पण गाडीत बोलणे नव्हते. त्याचे कारण भाईजानच्या बॅगेत होते. अब्बांच्या मागे राहते घर आणि आंबा-काजूची लहानशी वाडी आहे. धाकट्या बहिणीने आपला हिस्सा सोडून द्यावा म्हणून हक्कसोड पत्राचा मसुदा तयार झाला होता. सुट्टी संपण्याआधी रजिस्ट्रारच्या कार्यालयात सही करायची, असे ठरले होते. "लग्नात तिला दिलेच आहे," असे भाईजान म्हणाले. आम्ही काहीच बोललो नाही. वर्गात मुलांना खरे-खोटे शिकवणारे आम्ही, घरात गप्प बसलो. गप्प बसण्यात आमचाही फायदा होता, हे लिहायलाच हवे. आणि बहीण? तिने इतकेच विचारले, "कुठे सही करायची?" माहेरचा दरवाजा उघडा राहावा म्हणून आपल्या किती मुली असे विचारतात!

आता दिघीहून आगरदांड्याला गाड्या नेणारी फेरीबोट आहे. आम्ही गाडीसकट खाडी ओलांडली. अम्मी खिडकीतून जंजिऱ्याकडे पाहत होती. कोणीच म्हटले नाही, "बघा, आला तुमचा किल्ला!"

धक्क्यावरचे चाचा

राजपुरीच्या धक्क्यावर शिडाच्या होड्या तशाच आहेत. सावलीत एक वृद्ध होडीवाले बसले होते. होडी आता त्यांचा मुलगा चालवतो. अम्मीला पाहून ते उठले. "कंडक्टरसाहेब कुठायत?" आम्ही सांगितले. त्यांनी इन्ना लिल्लाहि म्हटले आणि बराच वेळ समुद्राकडे पाहत राहिले.

मग ते म्हणाले, "एका साली तुमच्या वालिदांकडे होडीचे चार रुपये कमी पडले. मी म्हटले, राहू द्या, पुढच्या साली बघू. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर मुरूडहून चालत आलेले. हातात चार रुपये. मी म्हटले, अहो, चार रुपयांसाठी एवढी पायपीट? तर म्हणाले, पुढच्या साली मी असेन याची हमी कोण देतो?"

आम्हाला ती सकाळ आठवली. मुरूडच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली आम्ही तिघे रुसून बसलो होतो, कारण अब्बा आम्हाला पाण्यात न नेता कुठेतरी निघून गेले होते. चार-पाच किलोमीटर जाणे आणि तितकेच येणे. घामाने शर्ट भिजलेला. कुठे गेला होतात, असे विचारले तर म्हणाले, "जरा काम होते." ते काम काय होते ते आम्हाला तीस-पस्तीस वर्षांनी कळले.

खरे तर आश्चर्य वाटायला नको होते. एस.टी.त सुट्टे पैसे नसले की कंडक्टर तिकिटामागे बाकी लिहून देतो. अब्बा गाव जवळ आले की हाक देत, "बाकी घ्यायची कोणाची राहिली?" एखादा प्रवासी विसरून उतरलाच तर ते पैसे वेगळ्या पुडीत बांधून ठेवत आणि तो पुन्हा दिसेपर्यंत सांभाळत. "लोक विसरतात," ते म्हणत, "म्हणून आपली देणी फिटत नाहीत."

भाईजान मान खाली घालून ऐकत होते.

समुद्रातले गोडे पाणी

चाचांच्या मुलाच्या होडीतून आम्ही निघालो. त्याने पैसे घ्यायला नकार दिला, पण अम्मीने त्याच्या मुठीत कोंबले. जंजिऱ्याचा दरवाजा लांबून दिसत नाही. तटाच्या अगदी जवळ गेल्यावर अचानक समोर येतो. पायऱ्यांशी होडी वरखाली होत असते आणि दोघेजण दंडाला धरून एकेकाला उतरवतात. अम्मीला उतरवताना एक हात भाईजानचा होता, दुसरा बहिणीचा.

जंजिरा हा शब्द अरबी 'जझीरा'वरून आला, म्हणजे बेट. सिद्दींचे हे संस्थान 1948 साली भारतात विलीन झाले. आत पडके वाडे आहेत, मशीद आहे, कलालबांगडी ही अजस्र तोफ आहे. लहानपणी आम्ही तोफेकडे धावायचो. अब्बा मात्र थेट गोड्या पाण्याच्या तलावाकडे जात, वजू करून जोहरची नमाज पढत आणि मग डबा उघडत. तांदळाच्या भाकऱ्या, खिमा, कैरीचे लोणचे. दरवर्षी तेच सांगत, "चारी बाजूंनी खारे पाणी आणि मध्ये हे गोडे. अल्लाहची कुदरत बघा. घरही असेच राहिले पाहिजे."

आता तलावावर शेवाळ आहे. आम्ही काठावर बसलो. अम्मीने दुआ मागितली. बहिणीने डबा उघडला. तिने पहाटे उठून तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. भाईजानने एक घास घेतला आणि तो त्यांना गिळवेना. मग आमच्याकडे न पाहताच त्यांनी विचारले, "तिची बाकी किती निघते?"

हिशेब अवघड नाही. कफन-दफनाचा खर्च, कर्ज आणि वसियत असेल तर तीही (एक तृतीयांशापर्यंत) आधी भागवायची. उरलेल्या मालमत्तेत, मुले असतील तर, पत्नीचा आठवा हिस्सा. बाकीचे मुलामुलींत, मुलाला दोन तर मुलीला एक या प्रमाणात. आमच्या घरात अम्मी, दोन भाऊ आणि एक बहीण. म्हणजे 40 भाग केले तर अम्मीचे 5, आम्हा भावांचे 14-14 आणि बहिणीचे 7. हे सूरह निसामध्ये ठरवून दिलेले आहे. लग्नातला खर्च त्यातून वजा करायची सोय तिथे नाही.

बहीण रडू लागली. म्हणाली, "मला काही नको, तुम्ही बोलत राहा म्हणजे झाले." भाईजान म्हणाले, "आधी हातात घे. मग तुझ्या मर्जीने काय करायचे ते कर." बहिणीने राजीखुशीने सोडणे वेगळे आणि रिवाजाच्या दडपणाखाली सोडणे वेगळे. आपल्याकडे दुसऱ्यालाच पहिल्याचे नाव दिले जाते.

परतताना

निघताना आम्ही पुन्हा चाचांपाशी थांबलो. हजरत अब्दुल्लाह बिन उमर यांची हकीकत आपण ऐकलेली असेल. मक्केच्या वाटेवर भेटलेल्या एका गावकऱ्याला त्यांनी आपले गाढव आणि डोक्यावरचा अमामा दिला, कारण त्या माणसाचे त्यांच्या वडिलांशी स्नेहाचे नाते होते. वडिलांच्या दोस्तांशी नाते जपणे ही मोठी नेकी आहे, हे त्यांनी रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांच्याकडून ऐकले होते. आमच्याजवळ देण्यासारखे फारसे नव्हते. भाकऱ्यांचा उरलेला डबा आणि घरच्या आंब्यांची पेटी चाचांना दिली. त्यांचा नंबर घेतला. पुढच्या साली यायचे ठरले, इन्शाअल्लाह.

हक्कसोड पत्रावर सही झाली नाही. तलाठ्याकडे वारस नोंदीसाठी अर्ज दिला आहे, त्यात चारही नावे आहेत.

अब्बांची आठवण काढायला आम्ही राजपुरीला गेलो होतो. आठवण काढणे सोपे असते, डोळे आपोआप भरतात. त्यांच्यासारखे चार-पाच किलोमीटर चालत जाऊन कोणाचे देणे फेडणे तितके सोपे नसते. आपल्याही घरात कोणा बहिणीची, फुफीची बाकी तिकिटामागे लिहून राहिली असेल, तर गाव येण्याआधी ती देऊन टाकावी.

अल्लाह तआला आमच्या अब्बांची आणि आपल्या सर्व मरहूमीनची मगफिरत करो. आमीन.